शिव्याशापांतला दुसरा अर्धा: फिनिश शापशब्दांविषयी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

फिनिश भाषेतल्या 'शिव्यां'वर मराठीत अधूनमधून मजकूर येतो. त्याचा साचा ठरलेला असतो. आठदहा शब्दांची यादी, प्रत्येकापुढे आयाबहिणींवरची एखादी शिवी, आणि मध्येच 'पेर्केले हा फिनिश लोकांचा जुना गडगडाटाचा देव' असे एक वाक्य. भाषांतर करणाऱ्यांच्या हाती मग हीच यादी पडते. तिच्यातल्या जोड्या चुकीच्या आहेत आणि देवाविषयीचे ते वाक्य अर्धेच खरे आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

गोंधळ 'शिवी' या शब्दापासूनच सुरू होतो. फिनिशमध्ये यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. समोरच्या माणसाला लावायच्या अपशब्दाला हाउक्कुमासाना म्हणतात. साना म्हणजे शब्द आणि हाउक्कुआ म्हणजे भुंकणे, त्यावरून एखाद्याला टाकून बोलणे. सैतान, दैत्य, नरक यांच्या नावांचे पेर्केले, साताना, हित्तो, हेल्वेत्ती हे शब्द मात्र किरोसाना आहेत आणि किरोता म्हणजे शाप देणे. आपण 'शिव्याशाप' एका दमात म्हणतो, पण त्यातल्या दोन भागांची कामे वेगळी आहेत हे आपल्यालाही ठाऊक असते. शिवी माणसाला लागते. शाप कुणाला तरी बोलावतो किंवा कुणाला तरी कुठेतरी धाडतो. फिनिश भाषेचा हा सगळा साठा मुख्यतः शापाच्या बाजूचा आहे.

याचा पुरावा क्रियापदांतही आहे. शापशब्द उच्चारणे या अर्थाने फिनिशमध्ये नोइतुआ असेही म्हणतात. नोइता म्हणजे चेटूक करणारा किंवा करणारी. दुसरे क्रियापद मानाता. त्याचा एक अर्थ मंत्राने भूत उतरवणे किंवा बोलावणे, दुसरा अर्थ शिव्याशाप देणे. शापशब्दाला वोइमासाना म्हणजे 'शक्तिशब्द' असे सभ्य नावही आहे. मंत्र आणि शाप यांच्यातली रेघ या भाषेने कधी पुरती ओढलीच नाही, हे ध्यानात घेतले की बाकीचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

सुरुवात हीसीपासून करायला हवी. यादीवाले लेख त्याला गाळतात किंवा 'राक्षस' म्हणून सोडून देतात, आणि खरे तर सगळ्यात मोठा इतिहास याच शब्दाच्या पोटात आहे. हीसी हा आधी कुणी व्यक्ती नव्हता. ती एक जागा होती, पूजेची, पूर्वजांची, झाडे न तोडायची राई. आपल्याकडे देवराई म्हणतात तशीच कल्पना. फिनिशची सख्खी बहीण असलेल्या एस्टोनियन भाषेत हीस म्हणजे आजही पवित्र राईच. फिनलंडमध्ये हीसी हे नाव असलेल्या अनेक जागा लोहयुगातल्या वस्त्या आणि दफनभूमी यांच्या आसपास सापडतात. माउनो कोस्की या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात या शब्दाचा आणि स्थळनामांचा हा माग बारकाईने काढला आहे.

फिनिश लिखित भाषेचा पाया घालणारे मिकाएल आग्रिकोला यांनी १५५१ मध्ये बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचे भाषांतर छापले. त्याच्या पद्यमय प्रस्तावनेत त्यांनी हॅमे आणि कारेलिया या दोन प्रदेशांतले लोक ज्या देवांना भजत त्यांची यादी दिली आहे. उद्देश अर्थातच निषेधाचा होता, पण त्या निषेधामुळेच ती नावे आपल्यापर्यंत पोहोचली. कारेलियाच्या यादीत हीसी आहे. जंगलातल्या प्राण्यांवर तो विजय मिळवून देतो, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे त्या काळापर्यंत जागेची व्यक्ती झालेली दिसते, पण ती अजून शिकाऱ्याला यश देणारी आहे.

पुढे चर्चच्या शिकवणुकीत जुनी राई ही सैतानाची जागा ठरली आणि हीसी दगडधोंडे फेकणारा अवाढव्य दैत्य झाला. भूगोलात त्याच्या खुणा जागोजाग आहेत. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाखालच्या वितळपाण्याने दगड गरगर फिरवून खडकात गुळगुळीत, गोल, खोल खड्डे पाडले. त्यांना फिनिशमध्ये हीदेनकिर्नू, म्हणजे हीसीचा ताक घुसळायचा डेरा, म्हणतात. कांस्ययुगातल्या दगडी थडग्यांच्या ढिगाऱ्यांना हीदेनकिउआस म्हणतात. किउआस म्हणजे सौनातली, म्हणजे फिनिश वाफस्नानाच्या खोलीतली, तापवलेल्या दगडांची भट्टी. राउमाजवळच्या सम्माल्लाहदेनमॅकी इथे असे तीसहून अधिक ग्रॅनाइटचे ढिगारे आहेत आणि ते १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची थडगी नंतरच्या लोकांनी दैत्याच्या भट्ट्या म्हणून ओळखली. हीसीची पूज्यता ओसरून भीती उरल्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

शापात हीसी दोन रूपांनी येतो. 'पाइनू हीतेन', म्हणजे 'हीसीकडे चालता हो'. आणि हित्तो. हा हीसीवरूनच घडलेला, आज सर्रास वापरला जाणारा आणि पुष्कळ सौम्य मानला जाणारा शब्द. शाळकरी मुलाच्या तोंडून हित्तो आला तर आईवडील फार तर डोळे वटारतील.

आता हीसी'कडे' का पाठवायचे? याचे उत्तर रोगनिवारणाच्या मंत्रांत आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. जुन्या फिनिश समजुतीप्रमाणे प्रत्येक गोष्टीला स्वतःचे वॅकी असते. या शब्दाचा अर्थ माणसे, जमाव, सैन्य आणि शक्ती असा एकत्र आहे. पाण्याचे वॅकी, जंगलाचे, आगीचे, लोखंडाचे, स्मशानाचे. कुऱ्हाड पायावर बसली, पाण्यात उतरल्यावर अंगावर पुरळ उठले, म्हणजे त्या त्या वॅकीचा कोप माणसात शिरला. तो काढणारा तिएतॅयॅ. या शब्दाचा अर्थच 'जाणता'. आपण जाणता म्हणतो त्याच अर्थाने.

तिएतॅयॅचा मंत्र ठरावीक पायऱ्यांनी चाले. पहिल्यांदा दुखणे कशाचे ते ओळखायचे आणि त्याचे नाव घ्यायचे. मग त्याचा जन्म सांगायचा: लोखंड कुठून आले, साप कुणाच्या थुंकीपासून झाला, थंडी कुणाची मुलगी. ज्याचा जन्म ठाऊक आहे त्याच्यावर ताबा चालतो, हे यामागचे तत्त्व. मग त्याची लाज काढायची: 'तू कालपर्यंत दलदलीतला गाळ होतास, आज माणसाला चावायला लागलास?' या धर्तीवर. त्यानंतर हुकूम, 'निघ इथून'. आणि शेवटी पत्ता. दुखण्याला हाकलले की ते कुठे जाणार हे सांगावेच लागते, नाहीतर ते शेजारच्या घरात शिरते. म्हणून ते उत्तरेच्या अंधाऱ्या पोह्योलात, वेदनांच्या डोंगरावर किंवा हीसीच्या घरी धाडले जाई. हे सगळे तिएतॅयॅ शांतपणे पुटपुटत नसे. तो दातओठ खात, थुंकत, अंगात आवेश आणून बोलत असे, कारण कच खाल्लेल्या आवाजाने हुकूम चालत नाही.

'पाइनू हीतेन' हे दोन शब्द या पाच पायऱ्यांतल्या शेवटच्या दोन पायऱ्या आहेत: हुकूम आणि पत्ता. आधीचे सगळे गळून गेले, शेपूट उरले. शापशब्द हा झिजलेला मंत्र आहे असे जे म्हणतात, त्याचा अर्थ फिनिशच्या बाबतीत इतका नेमका दाखवता येतो. हे मंत्र नुसते ऐकीव नाहीत. फिनिश साहित्य संस्था १८३१ मध्ये स्थापन झाली आणि पुढे तिने जमवलेली जुनी लोककाव्ये १९०८ ते १९४८ या काळात तेहतीस खंडांत छापली गेली. त्यात मंत्रांचा वाटा मोठा आहे.

एलियास ल्योनरोत यांनी लोककाव्यांवरून रचलेल्या 'कालेवाला'त (१८३५, विस्तारित १८४९) याचे एक चांगले दृश्य आहे. आठव्या सर्गात काव्याचा मंत्रज्ञ नायक वॅइनॅम्योइनेन होडी घडवत असताना हीसी, लेम्पो आणि 'वाईट' असे तिघे मिळून त्याची कुऱ्हाड भरकटवतात आणि पाते गुडघ्यात घुसते. रक्त थांबवायला त्याला लोखंडाच्या जन्माचे शब्द हवे असतात आणि तेच नेमके पूर्ण आठवत नाहीत. या प्रसंगात हीसीशेजारी आलेला लेम्पो हाही आजचा शापशब्द आहे. 'लेम्पो सोइकोन', म्हणजे 'लेम्पो देवो' किंवा 'लेम्पोची मर्जी लागो'. ऐकायला जुनाट आणि सौम्य. प्रेम या अर्थाच्या लेम्पी शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते.

'सोइकोन' या रूपाकडे मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे. हे तृतीयपुरुषी आज्ञार्थाचे रूप आहे: 'देवो', 'नेवो', 'होवो'. मराठीतला 'तळपट होवो', 'जळो ते' यांतला 'ओ' जे काम करतो तेच काम फिनिशमधला हा प्रत्यय करतो. दोन्ही भाषांत शापाचे व्याकरण आशीर्वादाच्या व्याकरणासारखेच आहे.

आता पेर्केले. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा शब्द बाल्टिक भाषांतून फिनिशमध्ये आला. लिथुआनियन पेर्कूनास, लाटवियन पेर्कोन्स हे गडगडाटाचे देव. लिथुआनियनमध्ये पेर्कूनास म्हणजे साधा मेघगडगडाटही, आणि 'पो पेर्कूनाइस' हा तिथला एक सौम्य उद्गार आहे. स्लाव लोकांचा पेरून याच गटात धरला जातो. व्होल्गाकाठच्या एर्झ्या लोकांचा, म्हणजे फिनिशच्या दूरच्या भाषाभगिनीचा, गडगडाटाचा देव पुर्गिने-पाझ. तिथेही नाव बाल्टिककडूनच गेलेले दिसते. तेव्हा शब्द मुळात विजेच्या देवाचा, हे बरोबर. पण 'फिनिश लोक पेर्केले नावाच्या देवाची पूजा करत' हे त्यावरून सिद्ध होत नाही. आग्रिकोलांच्या १५५१ च्या यादीत पाऊस आणि पिके सांभाळणारा उक्को आहे, पेर्केले नाही. गडगडाटाला फिनिशमध्ये उक्कोनेन म्हणतात, उक्कोवरून. लिखित फिनिशमध्ये पेर्केले सैतान या अर्थानेच येतो.

त्यातही एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पेर्केले हा शब्द शतकानुशतके बायबलमध्ये होता. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी येशूला मोहात पाडायला येतो तो १७७६ च्या फिनिश बायबलमध्ये पेर्केले आहे आणि १९३८ च्या बायबलमध्येही पेर्केलेच आहे. १९९२ च्या भाषांतरात तिथे पाहोलाइनेन हा दुसरा शब्द आला. पाहा म्हणजे वाईट, त्यावरून हा 'दुष्ट'. म्हणजे रविवारी व्यासपीठावरून वाचला जाणारा शब्द आणि बोटावर हातोडी बसल्यावर तोंडातून निघणारा शब्द एकच होता. या शब्दाला जो भार आहे तो केवळ जुन्या देवामुळे आलेला नाही. त्यात ग्रंथाचाही मोठा हात आहे, आणि आमच्या मते देवापेक्षा ग्रंथाचाच अधिक.

उच्चाराचाही हात आहे. फिनिशमध्ये आघात नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो आणि 'र' जिभेच्या टोकाने थरथरवला जातो. पेर्केलेतला 'र' हवा तितका ताणता येतो. शापशब्दांना फिनिशमध्ये ॲर्रॅपॅ असे एक नाव आहे. ॲर्रॅ म्हणजे 'र' हे अक्षर, पॅ म्हणजे डोके: 'र-डोकी'. ते या 'र'मुळेच. स्वीडनमध्ये फिनिश साहेबांच्या हुकूमशाही कार्यपद्धतीला 'मॅनेजमेंट बाय पेर्केले' असे नाव पडले, तेही याच शब्दावरून.

इथे संस्कृतचा संबंध सांगायचा मोह होतो, तर तो नीट सांगावा. पेर्कूनास आणि पर्जन्य यांची जोडी पुष्कळ ठिकाणी छापलेली दिसते. अर्थ जुळतो, पण बाल्टिक शब्दातला 'क' आणि संस्कृत शब्दातला 'ज' ध्वनिनियमाने जुळत नाहीत, म्हणून ती जोडी वादग्रस्त आहे आणि खात्रीने छापू नये. खात्रीची गोष्ट दुसरीच आहे. फिनिशमध्ये हातोड्याला वासारा म्हणतात आणि तो शब्द प्राचीन इंडो-इराणी भाषेतून आला आहे. संस्कृतातला त्याचा सगोत्र म्हणजे वज्र. गडगडाटाच्या उक्कोच्या हातात जो वासारा आहे तो नावाने इंद्राच्या वज्राचा भाऊ आहे. शंभरला फिनिशमध्ये साता म्हणतात, तोही 'शत'च्या घरचा. पर्जन्याची डळमळीत जोडी छापण्यापेक्षा वज्राची भक्कम जोडी छापावी.

साताना आणि हेल्वेत्ती यांच्याबद्दल थोडक्यात. साताना हिब्रूतून, ग्रीक-लॅटिन-स्वीडिश असा प्रवास करून आला. मूळ अर्थ विरोधी किंवा आरोप करणारा. हेल्वेत्ती जुन्या स्वीडिशमधून आला. त्याचे दोन तुकडे: हेल हे उत्तरेकडच्या जुन्या धर्मातल्या मृतांच्या लोकाचे नाव आणि दुसऱ्या तुकड्याचा अर्थ शिक्षा. म्हणजे चर्चने नरकासाठी शिकवलेला शब्दच अख्रिस्ती आहे. या दोघांत साताना अधिक जहाल. हेल्वेत्ती बोलण्यात इतका मुरला आहे की 'हेल्वेतिन ह्युवॅ' म्हणजे 'भलतेच चांगले'.

युमालाउता हा शब्द सगळ्यांत जास्त चुकीच्या रीतीने समजावला जातो. तो 'युमाला, आउता' यांचा संधी आहे. देवा, वाचव. शब्दशः पाहिले तर प्रार्थनाच. मग तो कठोर शापशब्द कसा? उत्तर धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मशिक्षणासाठीच्या लहान प्रश्नोत्तरीत आहे. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी ल्यूथरन क्रमाने दुसरी आज्ञा देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही. तिच्या स्पष्टीकरणात देवाच्या नावाने शाप देणे, शपथ घेणे, चेटूक करणे, खोटे बोलणे, फसवणे या गोष्टी एकाच दमात निषिद्ध सांगितल्या आहेत, आणि लगेच पुढे प्रत्येक संकटात त्याच नावाचा धावा करावा असे सांगितले आहे. स्वीडनच्या राज्यात, म्हणजे तेव्हाच्या फिनलंडमध्येही, १६८६ च्या चर्च कायद्याने ही प्रश्नोत्तरी येणे सगळ्यांना सक्तीचे होते. ती आल्याशिवाय लग्नही लागत नसे. शेतात घसरून पडलेला माणूस युमालाउता म्हणतो तेव्हा तो आज्ञा मोडतो आहे की पाळतो आहे, हे फक्त त्याच्या आवाजावरून ठरते. श्रद्धाळू घरांत म्हणूनच पेर्केलेपेक्षा युमालाउता अधिक खुपतो. पहिल्यात सैतानाचे नाव आहे, दुसऱ्यात देवाचे.

याच बाजूचा कायदा आजही शिल्लक आहे. फिनलंडच्या दंडसंहितेच्या सतराव्या प्रकरणातल्या दहाव्या कलमाप्रमाणे जाहीरपणे देवनिंदा केल्यास दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यावरच्या शापशब्दांना ते लागत नाही. पण १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतल्या एका पात्राच्या तोंडच्या मजकुरासाठी हान्नू सालामा या लेखकाला देवनिंदेखाली १९६६ मध्ये शिक्षा झाली आणि १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांनी ती माफ केली.

वित्तू हा शब्द स्त्रीच्या जननेंद्रियाचा आहे आणि आज तरुणांच्या बोलण्यात तो स्वल्पविरामासारखा येतो. यादीवाले लेख इथे लगेच आपल्या परिचयाची शिवी लावून मोकळे होतात. लोकविद्येच्या अभ्यासक सातू आपो यांनी दाखवून दिले आहे की वर सांगितलेल्या वॅकींमध्ये या अवयवाचेही वॅकी होते, आणि ते लोखंडाच्या किंवा स्मशानाच्या वॅकीइतकेच जबरदस्त मानले जाई. हाराकोइन्ती नावाचा एक विधी होता. वसंतात गुरे पहिल्यांदा चरायला सोडताना घरची कर्ती बाई गोठ्याच्या दारावर पाय फाकवून उभी राही आणि गुरे तिच्या खालून बाहेर जात, म्हणजे जंगलात त्यांना काही बाधत नसे. शिकारीला निघालेले पुरुषही असेच खालून जात. तीच शक्ती चुकीच्या जागी आली तर घात करी, म्हणून जाळे किंवा शिकारीचे साहित्य बाईने ओलांडू नये असा दंडक होता. आजचा बोलणारा यातले काही मनात आणून बोलत नाही, हे खरे. पण हा शब्द कुणाच्या आईबहिणीकडे बोट दाखवत नाही, हेही तितकेच खरे. त्याच्या पुढे आईवरची शिवी लिहिली की मूळ वाक्यात नसलेली एक बाई भाषांतरात ओढून आणली जाते आणि तिचा अपमान होतो. ही चूक आम्हाला गंभीर वाटते.

वित्तूवरून वितुत्ता हे क्रियापद झाले आहे: 'मिनुआ वितुत्ता', मला भयंकर वैताग आलाय. कर्ता नाही, ज्याला वैताग आला तो कर्त्याऐवजी दुसऱ्याच विभक्तीत. मराठी 'मला' वापरते त्याच धाटणीचे हे वाक्य आहे, म्हणून त्याचे भाषांतर मराठीत इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ होते.

शापशब्द टाळण्याची फिनिश पद्धतही याच भीतीतून आली आहे. नाव घेतले की तो येतो. अस्वलाच्या बाबतीत हेच झाले. आजचा नेहमीचा शब्द कार्हू हा त्याच्या खरखरीत केसांवरून पडलेला आहे, मेसिकॅम्मेन म्हणजे 'मधतळव्या', आणि जुने खरे नाव नेहमीच्या बोलण्यातून मागे पडले. शापशब्दांत पहिले अक्षर ठेवायचे आणि शेपूट बदलायचे. आघात पहिल्या अक्षरावर असल्याने ऐकणाऱ्याला काय म्हणायचे होते ते कळते, पण शब्द उच्चारलेला नसतो. पेर्केलेचे पेर्हाना, हेल्वेत्तीचे हेम्मेत्ती, सातानाचे साकेली, युमालाउताचे युमानकाउता, हित्तोचे हित्सी, वित्तूचे वित्सी. शेवटच्या दोघांपाशी यांत्रिक भाषांतर हमखास घसरते. हित्सी म्हणजे धातूचा जोड, वेल्डिंग, आणि वित्सी म्हणजे विनोद. पात्र डोके धरून बसले आहे आणि खाली 'अरे विनोद!' असे उमटले की समजावे, मूळ उद्गार 'वोइ वित्सी' होता. मराठीत तिथे 'अरे देवा' किंवा 'छ्या' पुरते.

भाषांतर करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते ती विभक्तींची. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत आणि शब्दाच्या मधले व्यंजनही बदलते. वित्तूची षष्ठी वितुन, हित्तोची हितोन, हेल्वेत्तीची हेल्वेतिन. जोड 'त'चा एकेरी 'त' होतो. हीसीची षष्ठी हीदेन आणि 'हीसीकडे' हीतेन. शब्दकोशात हीतेन शोधले तर काही सापडणार नाही, हीसीकडे वळावे लागते. षष्ठीतला शापशब्द विशेषणापुढे आला की तो फक्त जोर देतो. 'पिरुन क्युल्मॅ', शब्दशः सैतानाचे थंड, म्हणजे 'मरणाची थंडी'. इथे शिवी घालू नये, मराठीतले 'मरणाचे' नेमके बसते. पेर्केलेस्ती, हितोस्ती अशी क्रियाविशेषणे झाली की अर्थ 'ढीगभर', 'बक्कळ' असा होतो. विभक्ती न लागलेला, वाक्याच्या आरंभी किंवा शेवटी सुटा आलेला शब्द मात्र खरा उद्गार असतो, त्याची धार ठेवावी.

'पाइनू हीतेन' आणि 'पाइनू हेल्वेत्तीन' यांना मराठीत उत्तम जोडी तयार आहे: 'मसणात जा'. हुकूम आहे, पत्ता आहे आणि तो पत्ता मेलेल्यांच्या जागेचा आहे. ज्या हीसीच्या राया दफनभूमींजवळ होत्या त्यांच्यासाठी याहून जवळचा शब्द सुचत नाही. 'सुक्सी कूसेन' हा सौम्य प्रकार, शब्दशः 'स्कीवरून स्प्रूसच्या झाडात जा', त्याला 'खड्ड्यात जा' चालेल. सुट्या 'पेर्केले'ला एक ठरलेला पर्याय नाही. रागात 'सत्यानाश!', अंगावर काही पडल्यावर 'मेलो!', जिद्दीने काम उरकताना दातओठ खाऊन म्हटलेला असेल तर मूळ शब्दच ठेवलेला बरा. युमालाउतासाठी 'देवा रे' अपुरे पडते. आवाज चढलेला असेल तर 'देवाशप्पथ सांगतो' पासून 'देवा, आता बस्स!' पर्यंत प्रसंगाप्रमाणे जावे लागेल, पण देव वाक्यात राहिला पाहिजे.

लिप्यंतराची सूचना सर्वांत सोपी आहे आणि तीच सर्वांत कमी पाळली जाते. फिनिश नावे इंग्रजीवरून वाचू नयेत. फिनिश 'त' दंत्य आहे, आपल्या 'त'सारखा. 'हेल्वेटी' आणि 'विट्टू' चूक, हेल्वेत्ती आणि वित्तू बरोबर. प, त, क यांत श्वास सोडायचा नाही, मराठी माणूस ते जन्मापासून करतो. रोमन लिपीतला 'जे' हा 'य' आहे, म्हणून 'जुमाला' नव्हे, युमाला. दोन टिंबांचा 'ए' म्हणजे आपला 'ॲ'. जोडाक्षर खरोखर थांबून उच्चारायचे, नाहीतर शब्दच बदलतो. देवनागरीत हे बहुतेक सगळे नीट लिहिता येते.

तेव्हा यापुढे या विषयावर मजकूर छापताना मथळ्यात 'फिनिश शिव्या' ऐवजी 'फिनिश शाप' असे घालावे, आणि यादी द्यायचीच असेल तर तिच्यात हीसीला पहिले स्थान द्यावे, ही विनंती.

आपले,
फिनिश भाषेचे काही अभ्यासक